मारबतीच्या गेमसाठी जाड आउटलाईन: किती जाड, कुठे जाड, आणि काळ्या पात्राचं काय?

इतवारी_रेघ
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून मारबतीच्या मिरवणुकीवर मोबाईल गेम करून राहिलो आहोत. मारबत म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणारा पुतळा, मिरवून शेवटी जाळतात तो. तान्ह्या पोळ्याचा दिवस, जुन्या नागपुरातल्या गल्ल्या, एकीकडून काळी मारबत, दुसरीकडून पिवळी, मागे बडगे (कागद-बांबूचे पुतळे), आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत चाललेली गर्दी. टूडी आहे, बाजूने सरकणारा. इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) गोडो ४, बेस रिझोल्युशन १९२० × १०८०. पात्रं क्रितामध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) २०४८ पिक्सेल उंच कॅनव्हासवर काढतो, ६ पिक्सेलच्या काळ्या ब्रशने आउटलाईन. गेममध्ये पात्र साधारण २५६ पिक्सेल उंच दिसतं.

कॅनव्हासवर रेघ झकास दिसते. फोनवर गेलं की पाच भानगडी:
१. रेघ जवळजवळ गायब होते, आणि कॅमेरा सरकला की वळवळते.
२. रेघेच्या बाहेर बारीक पांढरी कड दिसते.
३. कोपर, गुडघा वाकला की सांध्यात काळी रेघ आडवी येते.
४. बडगे मागच्या गर्दीत मिसळून जातात.
५. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे काळी मारबत. अंगच काळं, त्यावर काळी आउटलाईन. पिवळी उठून दिसते, काळीचा नुसता डाग होतो.

आम्हाला जाड, ठळक रेघच हवी आहे. कुठे चुकतंय?

पिक्सेलपंत
पहिल्या भानगडीसाठी नुसता भागाकार करा. २०४८ वरची ६ पिक्सेलची रेघ २५६ वर आली की ०.७५ पिक्सेल उरते. पाऊण पिक्सेल दाखवायचा म्हणजे स्क्रीन तिथे करडा रंग भरणार. वर मिपमॅप (चित्राच्या आधीच लहान करून ठेवलेल्या प्रती) बंद असतील तर आणखी वाईट. आठपट लहान करताना साधं लिनियर फिल्टर (शेजारचे पिक्सेल मिसळणारं) ८ × ८ च्या चौकोनातले, म्हणजे ६४ पैकी, जेमतेम ४ टेक्सेल (मूळ चित्रातले पिक्सेल) वाचतं. रेघ त्या चारांत कधी सापडते, कधी निसटते. कॅमेरा अर्धा पिक्सेल सरकला की उत्तर बदलतं. वळवळ म्हणता ती हीच.

रेघेची जाडी कॅनव्हासवर ठरत नाही, शेवटच्या स्क्रीनवर ठरते. आधी स्क्रीनवरचा आकडा धरा आणि मागे या. २५६ च्या पात्राला बाहेरची रेघ ४ ते ६ पिक्सेल पुरते. कॅनव्हास दुप्पटच ठेवा, ५१२ उंच. ब्रश ८ ते १२. आठपट मोठं काढून काही फायदा नाही, उलट हात बारीकसारीक तपशिलात अडकतो आणि तो तपशील फोनवर पोचतच नाही.

क्रितामध्ये त्याच फाईलची दुसरी व्ह्यू उघडून ती ५० टक्के झूमवर बाजूला ठेवा आणि काढताना नजर तिच्यावर ठेवा.

संत्राबर्फी
४ पिक्सेल म्हणजे हातातल्या फोनवर नेमकं किती?

पिक्सेलपंत
२४०० × १०८० चा ६.५ इंची स्क्रीन धरला तर इंचाला साधारण ४०५ पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला १६. चार पिक्सेल म्हणजे पाव मिलिमीटर. बारीक बॉलपेनच्या रेघेएवढं समजा. त्याच आकाराचा ७२० चा फोन असेल तर जाडी पाव मिलिमीटरच राहते, पण ती दाखवायला तीनपेक्षा कमी पिक्सेल मिळतात. म्हणून स्वस्त फोनवर ३ पिक्सेलची रेघ फाटकी दिसते आणि ५ ची तगून राहते.

शेडरवाला_भाऊ
पंतांनी पहिलं सोडवलं, मी दुसरं घेतो.

पांढरी कड ही रेघेची चूक नाही, पारदर्शक पिक्सेलमध्ये लपलेल्या रंगाची आहे. पीएनजीत अल्फा (अपारदर्शकता) शून्य असलेल्या पिक्सेललाही रंग असतो. तो पांढरा असेल तर फिल्टरिंगच्या वेळी काठावरचा काळा आणि शेजारचा अदृश्य पांढरा मिसळतो आणि करडी-पांढरी कड उमटते. काळी जाड रेघ असली की ती जास्तच डोळ्यात येते. गोडोच्या इम्पोर्ट टॅबमध्ये 'फिक्स अल्फा बॉर्डर' आहे, ते चालू आहे का बघा. ते काठाचाच रंग बाहेरच्या पारदर्शक भागात पसरवतं. युनिटीवाल्यांसाठी तेच काम 'अल्फा इज ट्रान्सपरन्सी' करतं.

मिपमॅप गोडोत टूडी चित्रांना आपोआप मिळत नाहीत. इम्पोर्टमध्ये 'मिपमॅप्स जनरेट' वर टिक करा, पुन्हा इम्पोर्ट करा, मग नोडच्या टेक्स्चर फिल्टरमध्ये 'लिनियर मिपमॅप' निवडा. दोन्ही ठिकाणी करावं लागतं. एकच केलं तर काही फरक दिसत नाही आणि माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

अ‍ॅटलास (अनेक चित्रं एकाच मोठ्या चित्रात) करत असाल तर दोन चित्रांत निदान ४ पिक्सेल मोकळे सोडा. मिपमॅप चालू असतील तर ८. नाहीतर शेजारच्या चित्राची काळी रेघ याच्या कडेला झिरपते.

तर्रीपोहे
मी जरा वेगळं बोलतो. आउटलाईन हवीच कशाला? 'समुराई जॅक' ही कार्टून मालिका २००१ मध्ये आली, तिच्यात पात्रांना आउटलाईन जवळजवळ नाहीच, तरी प्रत्येक आकार वेगळा वाचता येतो. कारण उजेड-अंधाराची मांडणी नेमकी आहे: पात्र गडद तर मागचं फिकं, पात्र फिकं तर मागचं गडद. तुमची चौथी आणि पाचवी भानगड रेघेची नाहीच, व्हॅल्यूची, म्हणजे उजेड-अंधाराची आहे. चित्र करड्या रंगात बदला, आउटलाईनचा लेयर बंद करा आणि डोळे बारीक करून बघा. पात्र दिसलं नाही तर कितीही जाड रेघ मारा, ती जखमेवर पट्टी होईल.

लाकडीनंदी
तर्रीपोहे, करड्याची चाचणी शंभर टक्के मान्य. पण निष्कर्षाशी सहमत नाही. त्या मालिकेत दर शॉटला पार्श्वभूमी दिग्दर्शकाच्या हातात असते. गेममध्ये पात्र कुठे उभं राहील ते खेळणारा ठरवतो. आता पिवळ्या भिंतीपुढे, तीन सेकंदांनी काळ्या दारापुढे. पार्श्वभूमी दर क्षणी बदलत असेल तर पात्राने स्वतःची कड स्वतःबरोबर नेली पाहिजे. आणि आपल्याकडच्या उन्हात, पानठेल्यापाशी उभं राहून फोन बघणाऱ्याला मधल्या करड्या छटा सपाट दिसतात. तिथे रेघच टिकते.

जाड रेघ म्हणजे सगळीकडे सारखी जाड रेघ नव्हे, हे मात्र ठासून सांगतो. तान्ह्या पोळ्याला लेकरांच्या हातात असतो तो लाकडी नंदी जवळून बघा. डोळ्याभोवतीची काळी रेघ वरच्या पापणीला भरगच्च, खालच्या पापणीला निम्मी, आणि कोपऱ्यात ब्रश उचलल्यामुळे टोकदार. झुलीची किनार जाड, आतली नक्षी बारीक. दहा फुटांवरून आधी डोळा दिसतो, मग शिंगं, मग झूल. दिसण्याचा हा क्रम जाडीनेच लावलेला आहे.

तोच क्रम पात्राला लावा. बाहेरची रेघ ५ पिक्सेल. एका अवयवावर दुसरा अवयव येतो तिथे ३. कपड्यांच्या घड्या, बोटं, दागिने २. त्यापेक्षा बारीक काही असेल तर रेघ काढूच नका, रंगाच्या ठिपक्याने भागवा. हनुवटीखाली, काखेत, पाय जमिनीला टेकतात तिथे रेघ एक-दीड पिक्सेलने फुगवा. उजेडाच्या बाजूला तेवढीच उतरवा.

आणि जाड रेघ आत जागा खाते हे विसरू नका. दोन बोटांमधली फट रेघेच्या जाडीपेक्षा कमी झाली की दोन्ही रेघा चिकटतात आणि हाताचा काळा गोळा होतो. म्हणून जाड रेघेच्या पात्राला चारच बोटं, मोठे तळवे, आखूड मान. ही नुसती लकब नाही, रेघेने घातलेली अट आहे.

गोरेवाड्याचा_वाघ
बोटांचं लाख बोललात भाऊ. दातांनाही तेच लागू. एकेका दाताभोवती रेघ मारली की हसणारं पात्र भेसूर दिसतं. एक पांढरी पट्टी काढा, वर-खाली रेघ, बस.

रिगताई
तिसऱ्या भानगडीचं मी सांगते. सांध्यातली आडवी रेघ येते कारण दंड आणि हात दोन्ही आपापल्या पूर्ण आउटलाईनसह काढलेत. वरच्या तुकड्याची रेघ खालच्यावर चढते.

उपाय असा: प्रत्येक अवयव दोन तुकड्यांत काढा. एक नुसता भराव, रेघ नाही. दुसरा त्याच आकाराची काळी सावली, चारी बाजूंनी फुगवलेली. क्रितामध्ये भराव निवडा, 'ग्रो सिलेक्शन' ८ पिक्सेल, खालच्या लेयरवर काळा भरा. कॅनव्हास दुप्पट आहे, म्हणजे स्क्रीनवर ४. मग गोडोत सगळ्या काळ्या सावल्यांना झेड इंडेक्स (कोण पुढे, कोण मागे याचा क्रमांक) ०, सगळ्या भरावांना १. दंडाची आणि हाताची सावली मागे एक होते, दोन्ही भराव पुढे एक होतात, सांधा कितीही वाकवा, रेघ फक्त बाहेरून फिरते. कोपरापाशी दोन्ही भरावांची टोकं एकाच व्यासाच्या अर्धवर्तुळात संपवा आणि पिव्हट (तुकडा ज्याभोवती फिरतो तो बिंदू) नेमका त्या वर्तुळाच्या मध्यावर ठेवा. पिव्हट ५ पिक्सेल जरी सरकला तरी वाकल्यावर कोपराला टेंगूळ येतं.

यात एक गोम आहे. हात छातीवरून आडवा गेला की त्याची रेघ दिसत नाही, कारण ती छातीच्या भरावामागे आहे. म्हणून पुढच्या हाताचा गट वेगळा: सावली २, भराव ३. खांद्याशी मात्र रेघ नको, तर तिथे छातीच्या रंगाचा छोटा ठिगळ-तुकडा झेड ४ वर टाका. टून बूम हार्मनी या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये याच कामाला 'ऑटो-पॅच' नोड आहे. आपल्याला तो हाताने करायचा.

आणखी एक. उडी मारताना पात्र दाबता-ताणता ना? आडवं १.३ आणि उभं ०.७७ केलं तर ६ पिक्सेलची रेघ बाजूला ७.८ होते आणि वर-खाली ४.६. दोन-तीन फ्रेम असेल तर चालून जातं. थांबलेल्या पोझमध्ये ठेवू नका, त्या पोझचं वेगळं चित्र काढा. इंकस्केपमध्ये वस्तू लहान-मोठी करताना रेघेची जाडी बदलायची की नाही याचं बटण वरच्या पट्टीत असतं, ते सगळ्या टीमकडे सारखं ठेवा. एकाचं चालू आणि दुसऱ्याचं बंद असेल तर एकाच पात्राच्या हातापायांच्या जाड्या जुळत नाहीत आणि कारण कळायला दिवस जातात.

धंतोली_त्रिमिती
धागा टूडीचा आहे, पण विचारून घेतो. ब्लेंडरमध्ये बडग्याचं थ्रीडी मॉडेल आहे, कागद-बांबूचा पुतळा. त्याला अशी ठसठशीत रेघ कशी आणायची? सॉलिडिफाय (मॉडेलला जाडी देणारं साधन) लावून बघितलं, कोपऱ्यांत रेघ तुटते.

शेडरवाला_भाऊ
उलटं कवच म्हणतात त्याला. मेशची (मॉडेलच्या जाळीची) प्रत फुगवायची, तोंडं उलटी करायची, समोरून दिसणारी बाजू गाळायची. मागची काळी बाजू काठाने डोकावते, तीच रेघ.

ब्लेंडरमध्ये आधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा. न केल्यास ताणलेल्या दिशेला रेघ जाड होते. मग दुसरं मटेरियल: काळं एमिशन, बॅकफेस कलिंग (पाठमोरी बाजू गाळणं) चालू. सॉलिडिफायमध्ये ऑफसेट १, 'फ्लिप' नॉर्मल्स (पृष्ठभागाचं तोंड कुठे ते सांगणाऱ्या दिशा) टिक, मटेरियल ऑफसेट १. थिकनेस पुतळ्याच्या उंचीच्या शंभराव्या भागापासून सुरू करा. बॅकफेस कलिंग ईव्ही या रेंडररमध्ये चालतं. सायकल्स या दुसऱ्या रेंडररमध्ये जिओमेट्री नोडचं 'बॅकफेसिंग' घेऊन ट्रान्सपरंट शेडरशी मिक्स करा.

कोपऱ्यात रेघ ब्लेंडरमध्ये तुटत असेल तर तिथले व्हर्टेक्स (जाळीचे बिंदू) जोडलेले नाहीत. एडिट मोडमध्ये 'मर्ज बाय डिस्टन्स' करा. गेम इंजिनात गेल्यावर मात्र दुसरं कारण असतं: धारदार कडेवर एकाच जागी दोन-तीन नॉर्मल असतात, कवच फुगताना प्रत्येक बाजू आपापल्या दिशेला जाते आणि मध्ये फट पडते. अशा वेळी सरासरी काढलेले गुळगुळीत नॉर्मल व्हर्टेक्स कलरमध्ये किंवा जादा यूव्हीमध्ये (टेक्स्चर कुठे बसतं याचे आकडे) साठवा. शेडिंगला मूळ नॉर्मल, फुगवायला साठवलेले.

व्हर्टेक्स कलरचा एखादा चॅनेल जाडीसाठीही राखा. २०१४ च्या 'गिल्टी गियर एक्सर्ड' या गेममध्ये असंच केलं आहे, म्हणून थ्रीडी असूनही तिथली रेघ हाताने काढल्यासारखी कमी-जास्त होते. नाकाच्या शेंड्याला, ओठांच्या आत शून्य. खांदे, पाठ, जबड्याखाली पूर्ण.

कागदाचे फडफडणारे तुकडे एकपदरी प्लेन असतील तर त्यांना कवच लागत नाही. त्यांना थोडी जाडी द्या.

गोडोत साधा रस्ता: मटेरियलच्या 'नेक्स्ट पास' मध्ये दुसरं मटेरियल, अनशेडेड, काळं, कल मोड 'फ्रंट', 'ग्रो' चालू. ८००० त्रिकोणांचा बडगा १६००० चा होतो, हे मोबाईलच्या हिशेबात धरा.

पिक्सेलपंत
कवचाऐवजी स्क्रीनवरच कडा शोधता येतात ना? डेप्थ (खोली) आणि नॉर्मलवरून. 'बॉर्डरलँड्स' (२००९) मध्ये सोबेल फिल्टर (कडा शोधणारा) वापरलाय.

शेडरवाला_भाऊ
येतात. त्या गेममध्ये त्याच्या जोडीला टेक्स्चरवर हाताने काढलेल्या शाईच्या रेघाही भरपूर आहेत, नुसता फिल्टर नाही. फिल्टरचा फायदा असा की सीनमध्ये कितीही वस्तू असोत, खर्च तेवढाच. तोटे दोन. एक, तिरप्या कोनातून दिसणाऱ्या रस्त्यावर शेजारच्या पिक्सेलची खोली झपाट्याने बदलते आणि रस्त्यावर काळे पट्टे उमटतात. खोली आधी लिनियर करा आणि पृष्ठभाग कॅमेऱ्याकडे जितका तिरपा तितका उंबरठा वाढवा. दोन, मोबाईलवर नॉर्मलचा वेगळा बफर महाग पडतो. स्वस्त फोनसाठी मी कवचच सुचवीन.

संत्राबर्फी
मुद्दा भरकटतोय थोडा, पण रेघ काळीच का असावी? संत्र्याला काळी रेघ मारली की ते प्लॅस्टिकचं दिसतं. गडद तांबूस-तपकिरी मारली की रसरशीत दिसतं.

लाकडीनंदी
भरकटत नाही, याच्यावाचून काळी मारबत सुटणार नाही.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत आकार रेघेने बांधलेले आहेत, पण ती रेघ बऱ्याच जागी गेरूची वा तपकिरी आहे. अंगाला लागून राहते, अंगापासून तुटत नाही. ॲनिमेशनमध्येही सेलवर (पारदर्शक शीटवर) हाताने शाई चढवायचे तेव्हा रंगीत शाया वापरत: गालाला तांबूस, केसांना तपकिरी. १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स' मध्ये डिस्नेने पूर्ण चित्रपटाला झेरॉक्सची पद्धत लावली. पेन्सिलीची रेघ थेट सेलवर उमटू लागली, पण ती काळीच आणि खरखरीत. म्हणजे तिथला काळा रंग आधी यंत्राची मर्यादा होता. त्यांनी पार्श्वभूमीलाही तशाच रेघा देऊन ती शैली केली.

तेव्हा रेघेचा रंग भरावावरून काढा. त्याच रंगाची ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणा, सॅच्युरेशन १० ते १५ ने वाढवा, छटा किंचित थंड बाजूला ढकला. पिवळीला काळ्याऐवजी गडद करवंदी-तपकिरी रेघ द्या. हळदीचा पिवळा आणखी पेटेल.

तर्रीपोहे
रंगीत रेघेला माझा पाठिंबा, पण फक्त आतल्या रेघांना. बाहेरची रेघ सगळ्या मुख्य पात्रांना एकाच गडद रंगाची ठेवा. नाहीतर प्रत्येक पात्र वेगळ्या चित्रकाराने काढल्यासारखं दिसतं.

आता काळी मारबत. काळी वाटली पाहिजे, शुद्ध काळी रंगवायची गरज नाही. अंगाची ब्राइटनेस २२ ते २५ टक्के, छटा जांभळट निळी. शुद्ध काळ्याजवळचा ५ टक्क्यांचा रंग फक्त रेघेसाठी राखून ठेवा. आतल्या रेघा उलट्या करा: अंगापेक्षा फिक्या, ४० टक्क्यांच्या आसपास, २ पिक्सेल. हात कुठे, पदर कुठे हे त्या फिक्या रेघांनी सांगायचं. फळ्यावर खडूने काढतो तसं.

रिगताई
आणि सगळ्यात बाहेर एक फिकी कड? काळी रेघ ४, तिच्याबाहेर फिकी २. माझ्या पद्धतीत फक्त आणखी एक सावली, ८ ऐवजी १२ ने फुगवलेली, झेड उणे १.

लाकडीनंदी
चालेल, पण सगळ्यांना देऊ नका. सगळ्यांना दिली की सगळेच स्टिकर चिकटवल्यासारखे दिसतात. शुभ्र पांढरी तर नकोच. उडणाऱ्या धुळीचा फिका पिवळसर घ्या आणि पायाकडे जाताना विरवा.

आणि गर्दीला हात घाला, तुमची चौथी आणि पाचवी भानगड तिथेच सुटते. गर्दीच्या लेयरची ब्राइटनेस ५५ ते ८० टक्क्यांत दाबून बसवा. गर्दीतल्या कुणालाही बाहेरची जाड रेघ नको. २ पिक्सेलची रंगीत रेघ, तीही कपड्याच्याच रंगाची. जाड गडद रेघ ज्याला धरता येतं, ज्याच्यावर आपटता येतं, त्यालाच. दोन मिनिटांत खेळणाऱ्याच्या डोळ्याला ते कळतं, शिकवणीचा पडदा लागत नाही.

इतवारी_रेघ
मंडळी, मनापासून आभार. सगळं लावून बघितलं.

कॅनव्हास ५१२ वर आणला, बाहेरची रेघ १० (स्क्रीनवर ५), मधली ६, आतली ४. मिपमॅप दोन्ही ठिकाणी चालू केल्यावर वळवळ थांबली. 'फिक्स अल्फा बॉर्डर' एका जुन्या फोल्डरमध्ये बंद होतं, पांढरी कड तिथलीच. ताईंची सावल्यांची पद्धत बडग्यांना लावली, सांधे स्वच्छ झाले, पण प्रत्येक पात्राचे स्प्राइट (चित्राचे तुकडे) दुप्पट झाले. काळीचं अंग २४ टक्के जांभळट, आतल्या रेघा फिक्या, बाहेर धुळीच्या रंगाची कड. आता ती गल्लीतून येताना पिवळीच्या आधी दिसते.

एकच राहिलं. शेवटी मारबत जाळतात. मागे ज्वाळा, पुढे पुतळा. तिथे काळीची फिकी कड विचित्र चमकते आणि ज्वाळांना आमची काळी आउटलाईन मारली तर त्या पत्र्यातून कापल्यासारख्या दिसतात.

रिगताई
जळण्याच्या सीनमध्ये उणे १ ची सावली बंदच करा. मागे आगीचा उजेड असताना काळी आकृती आपोआप कापून निघते. एकदम बंद करू नका, अर्ध्या सेकंदात अल्फा शून्यावर न्या.

लाकडीनंदी
ज्वाळांना बाहेरची रेघ नको. गाभा फिका पिवळा, मधला थर नारिंगी, सगळ्यात बाहेर गडद तांबडा, मधोमध ४ ते ६ पिक्सेलचा. तो बाहेरचा थरच रेघेचं काम करतो. जाडी मात्र सारखी ठेवू नका: बुडाशी ८, शेंड्याकडे निमुळती होत शून्य. ज्वाळा दर सेकंदाला १२ चित्रांवर ठेवा, पुतळा स्थिर. पुतळ्याच्या बाहेरच्या रेघेला आगीच्या बाजूने तांबडं करत न्या, आणि कागद जळत जाईल तशी खालून वर आतली फिकी रेघ पुसत जा. आधी पदर, मग हात. डोळ्यांची रेघ शेवटपर्यंत राहू द्या.